आचाऱ्याची नागरिकता आणि पोऱ्याचा दाखला : सोलापुरातील एका हॉटेलचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापुरात सात रस्त्याच्या परिसरात असलेल्या एका हॉटेलचे आहे. खाली भोजनगृह, वर बारा खोल्यांचे लॉज आणि मागे लग्नाच्या हंगामात चालणारा छोटा हॉल, असा हा व्यवसाय आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. या हॉटेलचे पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचे काम आमच्या कार्यालयाकडे आहे, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतील एक आमचीही आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये हॉटेलात ३४ माणसे कामाला होती. वाढपी बहुतेक उमरगा, तुळजापूर आणि कर्नाटकातल्या इंडीकडचे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या चार बायका शहराच्या पूर्व भागातल्या. किचनमध्ये हाताखाली अक्कलकोट तालुक्यातली दोन-तीन पोरे. चायनीजच्या शेगडीवर नेपाळी बोलणारे दोघे होते. त्यांतला एक १ ऑगस्टपासून मुख्य आचारी म्हणून आला होता, तर दुसरा त्याआधी वर्षभर मदतनीस होता. मस्टरवर आचाऱ्याची नोंद ‘बहादूर (चायनीज)’ अशी होती. ते त्याचे नाव नव्हते. नेपाळी दिसणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडे हेच नाव पडते आणि या हॉटेलात ते बोलण्यातून थेट कागदावर उतरले होते.

कामावर घेताना मॅनेजर तीन कागद घेत असे: आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. त्यासाठीचा छापील फॉर्म आमच्याच कार्यालयाने काही वर्षांपूर्वी करून दिला होता. त्यात जन्मतारखेचा रकाना होता, पण ती कोणत्या कागदावरून लिहायची याचा उल्लेख नव्हता. नागरिकत्वाचा रकानाच नव्हता. सोलापुरात तो कशाला लागेल, असे तेव्हा वाटले असावे.

अडचण कशी उभी राहिली

१ ऑगस्ट २०२५पासून भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या सभासदाचा यूएएन, म्हणजे निधीचा कायमचा ओळख क्रमांक, सरकारी ‘उमंग’ ॲपवर चेहरा पडताळून काढावा लागतो. नव्याने आलेल्या तिघांपैकी दोघांचे क्रमांक पाच मिनिटांत निघाले, आचाऱ्याचा मात्र निघेना. किचनच्या मागच्या दारात उजेडाकडे तोंड करून उभे केले, टोपी काढायला लावली, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न झाला, पण चेहरा जुळत नव्हता. आधारवरचा फोटो २०१४चा होता आणि त्यात ओठांवर मिसरूडही न फुटलेला एक मुलगा दिसत होता. आधारवरची जन्मतारीख मात्र १ जानेवारी १९९६ होती. ही विसंगती त्या वेळी आमच्या कारकुनासकट कोणाच्याही ध्यानात आली नाही. “आधार अपडेट करून आण,” एवढे सांगून विषय पुढे ढकलला गेला.

त्यावर आचाऱ्याने सरळपणे विचारले, “साहेब, मेरा नागरिकता चलेगा क्या?” आणि मोबाईलमधला एक फोटो मॅनेजरला पाठवला. नेपाळ सरकार आपल्या नागरिकांना नागरिकतेचे जे प्रमाणपत्र देते, त्याच्या पुढच्या बाजूचा तो फोटो होता. अक्षरे देवनागरी असल्याने मॅनेजरला सगळे वाचता आले, आणि खरा गोंधळ वाचता आल्यामुळेच झाला. जन्मसालाच्या जागी २०५६ लिहिले होते. “अजून तीस वर्षांनी जन्मणार म्हणे हा! कागदच बनावट आहे,” असा निष्कर्ष काढून त्याने तो फोटो एकेचाळीस जणांच्या स्टाफ ग्रुपवर टाकला आणि खाली विचारले, “हे काय प्रकरण आहे?”

त्याच सुमारास राज्यात बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशी नागरिकांच्या शोधमोहिमांच्या बातम्या रोज येत होत्या. मालकांना कोणीतरी फोन करून, “तुमच्याकडे बाहेरचे लोक आहेत म्हणे,” असे सुचवले. १ सप्टेंबरपासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदाही लागू झाला होता. १९४६च्या परकीय नागरिक कायद्यासह चार जुने कायदे रद्द करून आलेला हा ‘आप्रवास व परकीय नागरिक अधिनियम, २०२५’ मॅनेजरने मोबाईलवर वरवर चाळला. परदेशी माणसाला नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि त्याचा वार्षिक पगार साधारणपणे किमान १६.२५ लाख रुपये असावा लागतो, हेही त्याला कुठेतरी सापडले. त्याने हिशेब मांडला की या आचाऱ्याला महिन्याला एक लाख पस्तीस हजार द्यावे लागतील. लॉजच्या काउंटरवर परदेशी पाहुण्याची नोंद सरकारला कळवणारा सी फॉर्म भरण्याची त्याला सवय होती, त्यामुळे परदेशी म्हणजे पासपोर्ट आणि व्हिसा हे समीकरण त्याच्या डोक्यात पक्के बसले होते.

पुढच्या दोन दिवसांत तीन गोष्टी घडल्या. आचाऱ्याला मूळ प्रमाणपत्र आणायला सांगून ते मॅनेजरच्या खणात कुलूपबंद झाले. त्याचा ऑगस्टचा पगार रोखला गेला. मदतनीस दार्जिलिंगकडचा, म्हणजे भारतीय, असूनही त्याच्याकडे पासपोर्ट मागितला गेला. “मतदान कार्ड आहे, पासपोर्ट कधी काढलाच नाही,” हे त्याचे उत्तर कोणी ऐकून घेतले नाही. इंडीहून आलेल्या वाढप्यांकडे मात्र कोणीच काही मागितले नाही. मालकांचा फोन आमच्याकडे आला तो यानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.

प्रश्न नेमका कोणता होता

हॉटेलात गेल्यावर पहिला तास प्रश्न सुटे करण्यातच गेला. नव्या माणसाला कामावर घेताना मालकाला तीन वेगळ्या गोष्टी कळाव्या लागतात: हा माणूस कोण, त्याचे वय किती आणि तो कोणत्या देशाचा नागरिक. आपल्याकडे तिन्हींचे उत्तर म्हणून आधार पुढे केले जाते. आधार फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. आधार अधिनियम, २०१६चे कलम ९ सांगते की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. हा क्रमांक रहिवाशाला मिळतो, म्हणून पुण्यात राहून काम करणाऱ्या नेपाळी मुलाला २०१४मध्ये तो मिळणे यात मुळात वावगे काही नव्हते. जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही तो टिकत नाही. भविष्यनिर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला.

भारतीय नागरिकाकडे काम करण्याचा परवाना मागण्याची पद्धत आपल्याकडे नाही. दार्जिलिंगचा माणूस सोलापुरात राहून काम करतो तो राज्यघटनेच्या १९व्या कलमाने दिलेल्या हक्काने, आणि तो बोलतो ती नेपाळी भाषा १९९२पासून आठव्या अनुसूचीत आहे. मदतनिसाचा प्रश्न असा मिनिटभरात संपला. खरे तर तो कधी नव्हताच.

आचारी मात्र खरोखरच परदेशी नागरिक होता, पण असा परदेशी की ज्याला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत झालेल्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री कराराच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत परस्परांना समान सवलती दिल्या आहेत. नेपाळच्या सीमेवरून येणाऱ्या नेपाळी नागरिकाला पासपोर्ट आणि व्हिसातून असलेली सूट सप्टेंबर २०२५च्या नव्या आदेशातही कायम आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतही नेपाळी आणि भूतानी कामगाराला ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ न मानता भारतीय कामगारासारखेच धरले जाते. इतकेच काय, चेहरा-पडताळणी सक्तीची करणाऱ्या परिपत्रकातही नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांसाठी मालकाने जुन्या पद्धतीने यूएएन काढण्याची वाट मोकळी ठेवली आहे. आचाऱ्याने स्वतःहून पुढे केलेला कागदच सगळ्यांत उपयोगाचा होता, आणि नेमका तोच खणात पडून होता.

राहिले २०५६ साल. नेपाळचे सरकारी कामकाज विक्रम संवतात चालते. आपल्याकडेही दिवाळीच्या पाडव्याला चोपडीपूजन करणारा व्यापारी हाच संवत लिहितो, पण जन्मतारखेशी त्याचा संबंध आपल्या डोक्यात येत नाही. प्रमाणपत्रावरचा भदौ २०५६ म्हणजे इसवी सन १९९९चा ऑगस्ट-सप्टेंबर. मूळ कागद खणातून काढून उलटा केल्यावर मागच्या बाजूला इंग्रजीत इसवी सनाची तारीख होतीच. आम्ही हा हिशेब मांडत असताना आचारी दारात उभा होता, आणि आमच्या लक्षात आले की २०१४च्या अखेरीस आधार निघाले तेव्हा हा माणूस पंधरा वर्षांचा होता. नेपाळात नागरिकता सोळाव्या वर्षानंतर मिळते, त्यामुळे तेव्हा दाखवायला त्याच्याकडे हा कागद असणे शक्यच नव्हते. पुण्यातल्या कोणीतरी त्याला आधारवर नेमका अठरा वर्षांचा करून कामाला लावले होते.

विचारात घेतलेले पर्याय

मालकांचा पहिला कल दोघांनाही त्याच दिवशी हिशेब देऊन घालवण्याकडे होता. “कटकट नको साहेब, दिवाळीनंतर लग्नं सुरू होतील, तोवर दुसरा आचारी बघू,” असे त्यांचे म्हणणे होते. ते दुष्टपणाने बोलत नव्हते, घाबरून बोलत होते. पण कायदेशीरपणे काम करणाऱ्या माणसाला केवळ तो नेपाळी आहे म्हणून काढायचे तर कारण म्हणून लिहायचे काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. मदतनिसाच्या बाबतीत तर चेहऱ्याखेरीज कसलेच कारण नव्हते.

मॅनेजरने दुसरा मार्ग सुचवला: आचाऱ्याला मस्टरवर घ्यायचेच नाही, पगार रोख द्यायचा. हॉटेलधंद्यात ही वाट मळलेली आहे, म्हणून तिचा विचार गंभीरपणे करावा लागला. वीसहून अधिक कामगार असलेल्या या आस्थापनेत महिना १४,००० रुपये मूळ वेतन व महागाई भत्ता घेणारा माणूस भविष्यनिर्वाह निधीबाहेर ठेवता येत नाही. आणि शेगडीवर काम करणारा माणूस भाजला, तर ईएसआयशिवाय तो खर्च मालकांच्याच अंगावर येणार. वैध माणसाला लपवून आपण नवी बेकायदा गोष्ट करू, हे मालकांना पटायला वेळ लागला नाही. एखाद्या मुकादमाच्या नावावर दोघांना दाखवण्याची सूचनाही आली, ती याच कारणाने बाजूला पडली.

तिसरा पर्याय, आधारवरच भारतीय म्हणून नोंद पुढे रेटण्याचा, हा मोह आमच्याच कार्यालयातला. आधार केंद्रावर फोटो अद्ययावत केला असता तर यूएएन निघाला असता आणि कोणी काही विचारले नसते. पण नागरिकतेचा कागद एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर निधीच्या घोषणापत्रात दुसरे काही लिहिणे म्हणजे जाणूनबुजून खोटे लिहिणे ठरले असते.

निर्णय आणि कृती

आचाऱ्याला नेपाळी नागरिक म्हणून नोंदवून कामावर कायम ठेवायचे ठरले. मूळ प्रमाणपत्र त्याच दुपारी त्याच्या हातात दिले. त्याच आठवड्यात काठमांडूत उठाव होऊन सरकार पडले होते आणि सरकारी कार्यालये जाळल्याच्या बातम्या येत होत्या. हा कागद गहाळ झाला तर दुसरा कधी मिळेल, या काळजीने त्याला दोन दिवस झोप नव्हती, हे त्याने तेव्हा सांगितले. रोखलेला पगार दुसऱ्या दिवशी बँकेत जमा झाला. स्टाफ ग्रुपवरचा फोटो सर्वांसाठी डिलीट करायला मॅनेजरला सांगितले, पण मधल्या काळात तो किती मोबाईलांत उतरला असेल ते सांगता येत नाही.

यूएएन जुन्या पद्धतीने निघाला. एक अडथळा राहिला: नागरिकतेवर त्याचे आडनाव पूर्ण होते, आधारवर फक्त दोन आद्याक्षरे. नाव व जन्मतारीख नागरिकतेप्रमाणे दुरुस्त करून घेण्यासाठी त्याला आमच्या माणसासोबत आधार केंद्रावर पाठवले. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना आता मिळणाऱ्या आधारची मुदत दहा वर्षांची असते, याचीही त्याला कल्पना दिली. मस्टरवरचे ‘बहादूर’ खोडून त्याचे खरे नाव लिहिले गेले. किचनमध्ये हाक अजून जुनीच आहे.

यानंतरचा निर्णय माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा होता, आणि त्यावर सर्वांत जास्त वाद झाला. पोलीस ठाण्यात फक्त या दोघांची माहिती द्यावी, असे मालकांना वाटत होते. आमचा आग्रह असा की पडताळणी करायची तर ३४ जणांची करू, सर्वांकडे तेच कागद मागू आणि यादीही सर्वांचीच देऊ. “आमच्या गावच्या पोरांचं काय तपासायचं?” हा मालकांचा सवाल होता. शेवटी दोघांवरच बोट ठेवलेली यादी दिसायला बरी नाही, एवढ्याच कारणावर ते तयार झाले. सर्वांना वयासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला आणायला पंधरा दिवस दिले.

या पंधरा दिवसांत जे सापडले ते कोणीच शोधत नव्हते. भांडी आणि तंदूरच्या हाताखाली असलेल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या एका मुलाने आधारवर १ जानेवारी २००७ ही तारीख दाखवली होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याचा जन्म मे २००९चा निघाला, म्हणजे तो सोळा वर्षांचा होता. बाल व किशोरवयीन कामगार कायद्यात २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला, कुटुंबाचा व्यवसाय आणि कलाक्षेत्र यांचे मोजके अपवाद सोडता, कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक कामे वर्ज्य आहेत आणि बाकीच्या ठिकाणी वेळेची कडक बंधने आहेत. मधली सुट्टी धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती, जादा काम नाही आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम अजिबात नाही. हा मुलगा दुपारी चारला येऊन रात्री साडेअकराला जात होता. ज्या आस्थापनेत दोन आठवडे नेपाळी आचाऱ्याच्या हक्कावर खल चालला होता, तिथे कायद्याचा उघड भंग रोज संध्याकाळी सातनंतर तंदूरशेजारी उभा होता. त्याची नोंद आधारवरून संगणकात भरणारे आम्हीच होतो.

त्याची आई आली. ती घरी विड्या वळते. दाखल्याची गोष्ट तिने नाकारली नाही. मालकांना म्हणाली, “साहेब, कागदावर ल्हान असंल त्यो. घरात त्योच थोरला हाय.” मालक यावर काही बोलले नाहीत. मुलाला भट्टीपासून काढून सकाळी नऊ ते तीन, मध्ये तासाची सुट्टी, असे भाज्या निवडण्याचे आणि स्टोअरचे काम दिले, किशोरवयीन कामगारांची वेगळी नोंदवही सुरू केली आणि निरीक्षकांना लेखी सूचना पाठवली.

निष्पत्ती

यादी पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली. तिथून पुढे काही विचारणा झाली नाही. आचारी कामावर आहे, त्याचा निधी दरमहा भरला जातो, आधार-दुरुस्तीचे काम अजून पूर्ण झालेले नाही. मदतनीस ऑक्टोबरमध्ये सोडून गेला. कारण विचारल्यावर त्याने पुण्यात जास्त पगार मिळतो असे सांगितले, आणि ते खरेही असेल. पण आपल्याच देशात पासपोर्ट मागितला गेल्याचे त्याने आमच्यासमोर दोनदा बोलून दाखवले होते, आणि त्याची माफी कोणी मागितली नव्हती.

मुलगाही टिकला नाही. रात्रीच्या पाळीची टिप आणि जेवण बंद झाल्यावर तीन आठवड्यांत त्याने येणे सोडले. होटगी रस्त्याकडच्या एका गॅरेजमध्ये लागल्याचे दुसऱ्या पोराने सांगितले. तिथे त्याला दाखला मागितला असेल असे वाटत नाही.

काय वेगळे करता आले असते

मॅनेजरने फोटो पाहून घाई केली हे खरे, पण त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या हातातल्या फॉर्ममध्ये नागरिकत्वाचा रकाना असता आणि ‘नेपाळ/भूतान असल्यास नागरिकता प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजू पाहून मूळ कागद परत करावा’ एवढी एक ओळ असती, तर १ ऑगस्टलाच हे काम दहा मिनिटांत झाले असते. तो फॉर्म आमचा होता. आता त्यात वयाचा पुरावा वेगळा मागितला आहे आणि त्यापुढे आधार चालणार नाही असे छापले आहे. कागदांच्या प्रती मोबाईलवर न घेता कार्यालयातच घ्यायच्या, असेही ठरले आहे.

दुसरी चूक २०१४च्या फोटोची. चेहरा दोनदा जुळला नाही तेव्हा उजेडाला दोष देण्याऐवजी फोटोतल्या वयाकडे आणि शेजारी छापलेल्या तारखेकडे एकदा पाहिले असते, तर १ जानेवारी ही तारीख संशयास्पद वाटायला हवी होती. शाळेचा दाखला नसलेल्या माणसाच्या आधारवर हीच तारीख वारंवार दिसते. त्यानंतर आम्ही आमच्याकडील इतर आस्थापनांच्या नोंदींतील १ जानेवारीच्या तारखा वेगळ्या काढल्या आणि दाखले मागवायला सुरुवात केली आहे.

मुलाच्या बाबतीत मात्र काय वेगळे करायचे याचे उत्तर आम्हाला सापडलेले नाही. सहा तासांच्या कामाला पूर्वीइतके पैसे देण्याचा विषय मी काढला होता, तेव्हा मालक बाकीची पोरे काय म्हणतील असे म्हणाले, आणि मीही तो फार ताणला नाही. सप्टेंबरमध्ये ज्यांनी ‘बाहेरच्या लोकां’बद्दल फोन केला होता, ते आठवड्यातून दोनदा तिथेच जेवायला येत. त्यांच्या टेबलावरची ताटे बहुधा याच मुलाने धुतली असतील.